बाबांनी गणपती फोडला नाही

मु. जोहे, ता. पेण
मे महिन्याचा शेवटचा रविवार

ती. हन्नामावशी यांस,

जोह्याहून महिपतीचा वाकून नमस्कार आणि तुमच्या पद्धतीचा शालोम. दोन्ही एकाच पाकिटात घातले आहेत, वजन वाढलं तर वाढू दे. (आयझ्या, तुझ्या आईचा मोतीबिंदू काढल्यापासून पत्रं तू वाचून दाखवतोस हे मला ठाऊक आहे. कंस गाळायचे नाहीत. शाळेत धडा वाचताना तू मधल्या ओळी खायचास. गुरुजींना कळायचं नाही, मला कळायचं.)

गेल्या तीन महिन्यांत मी स्वतःच्या हातांनी केलं ते आधी सांगतो. कुडाची एक भिंत आणि तिला लागून अर्धी (उरलेली अर्धी कॅमेऱ्यात येत नव्हती म्हणून नको म्हणाले, तरी मी पाऊण केली, भिंतीला लाज वाटायला नको). एक चूल. चार मडकी, त्यातलं एक फुटकं (फुटकं मडकं घडवणं धड मडक्यापेक्षा अवघड असतं, हे कुणाला सांगून पटत नाही). मिठागरावर मीठ ओढायला लागतं ते लांब दांड्याचं लाकडी फळं, कोपरा उडालेली पाटी, एक मेलेली कोंबडी (शाडूची, पिसं खरी), आणि गणपती सात. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. लहानपणी गणपतीच्या कारखान्याच्या खिडकीतून बघितलं, घरी येऊन केलं, बिघडलं, परत केलं, एवढंच माझं शिक्षण. हे तुम्हाला नव्याने सांगायला नको, बिघडलेला पहिला माल तुमच्याच ओटीवर वाळायचा.

तुमचे गुडघे कसे आहेत? तिकडे इस्रायलात, डिमोनाच्या वाळवंटात, उन्हाळा कसा जातो? तुमच्या नातीला, तामारला, नोकरी लागल्याचं आयझ्याने फोनवर सांगितलं, आनंद झाला. पेणचे पोह्याचे पापड मागच्या खेपेला चुरा होऊन पोचले असं कळलं, तर या वेळी मी लाकडाचा डबा करून घेतला आहे (सांधे मीच मारले, खिळा एकही नाही). इथे सगळे मजेत. आमची ही, सगुणा, मजेत असून माझ्यावर रागावली आहे. दोन्ही तिला एका वेळी जमतं.

तर हा सगळा पसारा सिनेमासाठी. थंडीत निनाद नावाचा एक तरुण दिग्दर्शक मुंबईहून माझ्या गणपतीच्या कारखान्यात आला. त्याला मिठागरावरच्या मजुराच्या पोराचं बालपण दाखवायचं होतं. खरं, कठोर, अंगावर येणारं असं काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, बसा, मी मिठागरावरच्या मजुराचंच पोर आहे, चहा घ्या. आणि सगळं सांगितलं. मावशी, माणूस चांगला, पण नको तिथे रडतो. रात्री पेज आणि भाजलेला जवळा खायचो असं मी तोंडाला पाणी सुटून सांगतोय, तर त्याने वहीत लिहिलं, "भूक." मी आणि आयझ्या एका चपलेचा जोड दोघांत वाटून, एकेक पायात घालून लंगडीची शर्यत लावायचो, हे सांगताना मला हसू आवरेना. त्याने लिहिलं, "अनवाणी." शनिवारी तुमच्याकडे चूल पेटवायची नसते म्हणून संध्याकाळी दिवा लावायला मी यायचो आणि तुम्ही मूठभर करंज्या द्यायचात, तर तिथे लिहिलं, "बालमजुरी." मी म्हटलं, अहो, मी वाट बघायचो शनिवारची! तर म्हणतो कसा, "काका, हेच तर भयंकर आहे."

एवढ्यावर मी गप्प राहिलो असतो. पण शेवटी मी त्याला आमच्या पहिल्या गणपतीची गोष्ट सांगितली. ती त्याला फार आवडली. इतकी, की तो सिनेमाचा शेवटच झाला. फक्त त्याच्या कागदावर बाप पिऊन येतो आणि पोराने केलेला गणपती भिंतीवर आपटून फोडतो. माझं भांडण ते हेच, आणि हे पत्रही त्याच्याचबद्दल. माझ्या बापाने, काळुरामाने, गणपती फोडला असं लोकांनी तिकीट काढून बघायचं की नाही?

तुम्ही तिथे होतात, तरी क्रम चुकू नये म्हणून लिहितो. त्या वर्षी मीठ पाण्यात गेलं होतं आणि घरात गणपती आणायला पैसे नव्हते. मी दहा वर्षांचा. बाबा म्हणाले, तू करतोस ना, मग कर. शाडू आणायची ऐपत नाही म्हणून त्यांनी मिठागराच्या कोंडीतला चिखल पाटीभर आणून दिला. आता ही चूक पेणच्या पोटात राहणारा माणूस करणार नाही आणि लांबचा माणूस करूच शकणार नाही. खाडीच्या चिखलाची मूर्ती वाळली की तिच्यावर मीठ फुलतं. आमचा गणपती एका दुपारीत पांढराधोप झाला. मी रडायला लागलो. बाबांनी बोट लावून चाटून बघितलं आणि म्हणाले, "मीठच हाय. मिठागरवाल्याच्या घरात आलाय, घरचाच दिसतोय. रडतोस कशाला?" पीतांबराला हळद लावली. मुकुटाला तुम्ही नथानियलकाकांच्या सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद दिलात आणि म्हणालात, "मूर्ती आमच्यात चालत नाय रे पोरा, पण कागद चालतो."

पण फुललेलं मीठ भाद्रपदाच्या हवेत पाणी ओढतं. चतुर्थीला संध्याकाळी आरती सुरू झाली आणि गणपतीला घाम फुटला. सोंड हळूहळू खाली यायला लागली. तेव्हा बाबांनी एक हात पुढे करून सोंडेखाली धरला आणि तसाच धरून ठेवला. दुसऱ्या हाताने टाळी वाजवता येईना म्हणून मांडीवर वाजवली. आळीतल्या बायका म्हणाल्या, काळुरामाची भक्ती बघा. त्यांना कुठे ठाऊक, की तो हात काढला तर गणपती पेरू खाणाऱ्या माकडासारखा दिसणार होता. आरती संपली, प्रसाद वाटून झाला, तरी हात तिथेच. शेवटी नथानियलकाकांनी एस.टी. डेपोतून आणलेली तार वाकवून सोंडेला टेकू दिला. अशी ही गोष्ट आहे. यात फोडणारा बाप कुठे बसवायचा ते मला अजून कळलेलं नाही.

निनाद म्हणाला, "काका, गोड आहे. पण लोकांचा विश्वास बसणार नाही."

मी काम सोडलं नाही. म्हटलं, आत राहून भांडलेलं बरं. आणि खरं सांगायचं तर सामान दुसऱ्या कुणी चुकीचं केलं असतं तर मला झोप आली नसती. पण अडचणी आल्या. पहिली म्हणजे भिंत. निनाद बघून म्हणाला, "काका, ही फार सरळ आहे." मी म्हटलं, ओळंबा लावलाय. तो म्हणाला, "गरिबाची भिंत थोडी वाकडी नको का?" मी म्हटलं, आमची सरळ होती, गरीब होतो, आंधळे नव्हतो. दोन दिवस बोलणं बंद. शेवटी त्यांनी कॅमेराच तिरका लावला. दुसरी अडचण शिवा. हा कासूचा मुलगा, सिनेमातला मी. दिसायला किडकिडीत, पण दर दृश्याआधी वडापाव लागतो, आणि भुकेने कळवळायच्या जागी नेमका ढेकर देतो. रड म्हटलं की हसतो. हसत राहा म्हटलं तर लाजून गप्प. (आयझ्या, अगदी मीच.)

तिसरी अडचण कोंबडी. निर्मात्याची माणसं रोह्याला लॉजवर उतरली होती, त्यांना नमुना दाखवायला मी ती मेलेली कोंबडी मांडीवर घेऊन पेणला गाडीत बसलो. कासूला काशीबाई म्हणून एक मासळीवाली टोपली घेऊन चढली आणि समोर बसली. बघितलं, नाकाला पदर लावला.

"मेलेली कोंबडी मांडीवर घेऊन बसलास, लाज नाय वाटत?"

म्हटलं, आजी, शाडूची हाय, मी केलीय.

"शाडूची असंल, पण वास येतोय."

म्हटलं, तो तुमच्या टोपलीचा येतोय.

"माझी मासळी आजची हाय! तुझी कोंबडी कालची हाय!" आणि डब्याला सांगायला लागली, "बघा गो बायांनो, सडकी कोंबडी रोह्याला इकायला निघालाय!"

मी पंख वर करून खालची माती दाखवली. तिने बोट टोचून बघितलं, नखाने खरवडलं. निडी आल्यावर हळूच म्हणाली, "कितीला देनार? सून लय बोलते. तिच्या उशाला ठेवीन म्हनते." मावशी, मला आजवर बक्षिसं मिळाली, जिल्ह्याच्या ठिकाणी शाल मिळाली, पण माझ्या कामाची एवढी पारख कुणी केली नव्हती.

रोह्याच्या लॉजवर मात्र कोंबडीकडे कुणी बघितलंच नाही. निर्मात्याच्या माणसाने माझ्यापुढे एक कागद सरकवला. सिनेमाच्या सुरुवातीला "सत्य घटनेवर आधारित" अशी पाटी टाकायची होती. सत्य घटना म्हणजे बापाने गणपती फोडला, तो बाप काळुराम आणि तो मुलगा मी. याला माझी हरकत नाही, एवढी सही हवी होती. त्यासाठी मोबदला होता. (रक्कम इथे लिहीत नाही. सगुणा पत्र चिकटवण्याआधी वाचते.) मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "अहो, सिनेमा आहे, कुणाला काय कळतंय?" म्हटलं, मला कळतंय. तो म्हणाला, "तुम्ही दहा वर्षांचे होतात. त्या वयात पोरांना जे बरं वाटतं तेच आठवतं." मी कोंबडी उचलून परत आलो. त्या वाक्याचा राग मला नागोठण्यापर्यंत पुरला. पुढे तो राग राहिला नाही, ते वाक्यच राहिलं. ते नंतर सांगतो.

आता शेवटचं दृश्य. फोडायचं म्हणून सात गणपती हवे होते, कारण एकदा फुटलेला परत घेता येत नाही. मी म्हटलं, करतो, पण खाडीच्याच चिखलाचे करीन, कारण तो तसा होता. त्यांना काय, माती ती माती. मीठ फुललेलं बघून निनाद खूश झाला, दारिद्र्याचा रंग आला म्हणाला. फक्त डोळ्यांची आखणी मी करेना. आमच्याकडे डोळे आखले की मूर्तीकडे पाठ करून चहासुद्धा पीत नाही कुणी. फोडायच्या मूर्तीला डोळे मी आखणार नाही, हे मी स्वच्छ सांगितलं. तो म्हणाला, प्राणप्रतिष्ठा तर झालेली नाही. बरोबर, शास्त्राप्रमाणे त्याचंच बरोबर. पण शास्त्र भटजींच्या हातात असतं, कुंचला माझ्या. शेवटी ठरलं, की एकाच मूर्तीला डोळे आखायचे. बाप तिच्यावर हात उगारतो तिथपर्यंत ती दाखवायची, आणि प्रत्यक्ष फोडायची ती बिनडोळ्यांची, पाठीमागून.

बापाचं काम करायला निडीचा जनू. गावच्या नाटकांत कायम खलनायक, आवाज असा की कावळे उडतात. बाबा कसे बसत, विडी कशी धरत, ते मी त्याला दाखवलं होतं. सोंडेचं काही सांगितलं नव्हतं. (आयझ्या, तुला शंका येणार म्हणून लिहितोय. नव्हतं सांगितलं.) आळीतल्या बाया आरतीला उभ्या. त्यांना फाटकी लुगडी नेसवायला अख्खी सकाळ गेली, कारण सिनेमात दिसायचं म्हणून सगळ्या जरीकाठी नेसून आल्या होत्या. बाहेर टँकर लावून पत्र्यावर पाऊस सोडला. भर मे महिन्यात आतली हवा भाद्रपदासारखी ओली झाली. पाऊस त्यांचा, चिखल माझा, आणि दोघांचा एकमेकांशी काय संबंध ते त्या खोलीत एकालाही सुचलं नाही, मलासुद्धा. सोंडेला तार घालायची मी विसरलो असं सगुणा म्हणते. मी विसरलो नाही. त्या वर्षी आरतीच्या वेळी तार नव्हती, म्हणून घातली नाही.

जनू झोकांड्या खात आला. काय अभिनय! शिवा खरंच घाबरला. जनूने हात उगारला, डोळे लाल, दात ओठांवर, आणि गणपतीला घाम फुटला. मी कॅमेऱ्यामागून बघत होतो. कपाळावर एक थेंब, मग गंडस्थळावर, मग सोंड हळूच, अगदी तशीच, खाली यायला लागली. जनूचा उगारलेला हात वर तसाच राहिला क्षणभर. मग खाली आला आणि सोंडेखाली गेला. आणि तिथेच थांबला.

कुणी "कट" म्हणेना. जनू त्या हाताकडे बघतोय, जसा काही दुसऱ्याचा हात आहे. मागून एक बाई म्हणाली, "अगो बाई, सांभाळला गो," आणि कागदात नसताना बायांनी आरती उचलली. टाळ नव्हते, तर माझ्या फुटक्या मडक्यावर ताल धरला. शिवा, जो तीन आठवड्यांत एकदाही रडला नव्हता, तो हसता हसता रडायला लागला, आणि दोन्ही इतकं खरं की मला माझं तोंड पुसावं लागलं. निनाद खाली बसला होता. आरती संपल्यावर उठला आणि एवढंच म्हणाला, "परत नको घ्यायला."

जनूला विचारलं, अरे, तुला फोडायचा होता ना? तर माझ्यावरच डाफरला. "पडताना दिसला, हात गेला! माझ्या जागी तुझा बाप काय येगळं करनार व्हता?"

त्या दिवशी सगळ्यांना सगुणाने तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण घातलं. शिवा इतका जेवला की आता पुढची दृश्यं जाड्या मुलाची घ्यावी लागतील. सहा बिनडोळ्यांचे गणपती फोडायचं कुणी नावही काढलं नाही. टँकरवाल्याने एक मागून नेला.

जाताना निनाद माझ्या ओटीवर येऊन बसला. म्हणाला, "काका, निर्मात्याला फोडलेलाच शेवट हवाय. मी भांडू शकतो. पण खोटं गोड मला नको, खोटं कडू चालेल एक वेळ. तुम्ही मूर्तिकार आहात, हातात येईल ते सुंदर करता, भिंतसुद्धा. म्हणून विचारतो. असंच झालं होतं ना?" मी म्हटलं, झालं होतं. तो म्हणाला, "कुणी बघितलंय?" त्याचा माझ्यावर अविश्वास नव्हता, मावशी. म्हणूनच ते जास्त लागलं.

बाकी क्षेम. डबा उघडताना झाकण उजवीकडे सरकवायचं, वर ओढायचं नाही.

तुमचा
महिपती

ता. क. १ : तुमच्या बंद घराची किल्ली माझ्याकडे आहे हे चांगलंच आहे. सिनेमात ते ठेकेदाराचं घर झालं आहे. विचारायला वेळ नव्हता. एक भिंत धुराने काळी केली आहे, ती मी गणपतीआधी चुन्याने पांढरी करून देतो. चौकटीवर प्रार्थनेची मेझुझाची डबी असायची त्या खुणेला मात्र रंगाऱ्याला हात लावू दिला नाही, तिच्यावर पाटी धरून मी स्वतः उभा राहिलो. कोंबडी कुत्र्याने पळवली. आळीच्या टोकापर्यंत नेली आणि मग फसवणूक कळल्यावर माझ्याकडे असं बघितलं, की काशीबाईनंतर दुसरी दाद तीच.

ता. क. २ : पत्र खरं तर यासाठी आहे. मावशी, नथानियलकाका गेले, आई गेली, बाबा तर केव्हाच. आयझ्या त्या वेळी मोदकांकडे बघत होता (खायचे नव्हते, पण बघायला बंदी नव्हती), त्याची साक्ष धरता येत नाही. राहिलात तुम्ही. त्या दिवशी शनिवार होता. म्हणजे तुमची चूल बंद होती, म्हणजे तुम्ही स्वयंपाकघरात नव्हतात, आमच्या दारात उभ्या होतात. एवढं मी जुळवलंय. रोह्याहून परतल्यापासून मी ती आरती इतक्या वेळा आठवलीय, की आता बाबांचा हात मला आठवतो की मी तो घडवलाय, हे माझं मलाच सांगता येईना. तुम्ही जनगणनेवाल्यालासुद्धा वय खरं सांगितलं होतंत. मला बरं वाटावं म्हणून लिहू नका. बाबांचा हात सोंडेखाली होता का? एका ओळीत कळवा. नव्हता, तर नव्हता असं कळवा, मी निनादला तसंच सांगीन.

ता. क. ३ : आयझ्या, हे पेणच्या पोस्टात उभा राहून लिहितोय, सगुणाचं वाचून झाल्यावर. हे मोठ्याने वाचू नकोस. मावशींना वाटेल, मला पक्कं ठाऊक होतं म्हणून मी रोह्याला सही केली नाही. आता सांगतो. त्या खोलीत, त्या माणसाने ते वाक्य म्हटल्याबरोबर, माझी खात्री गेली होती. तरी नाय म्हणालो. मावशींचं उत्तर काहीही आलं तरी ते "नाय" तेव्हाच म्हणून झालेलं आहे. सगुणाला पाच हजार सांगितलेत, तेवढ्यावरच ती रागावली आहे. खरा आकडा तुला एकट्याला: "बापाने गणपती फोडला, हे सत्य आहे" या ओळीखाली माझी एक सही, आणि त्याचे रोख सव्वा लाख रुपये.